रांगेतले मत आणि यंत्रातले मत

निवडणुकीचा प्रचार कायद्याने थांबतो आणि मग मतदार बोलू लागतो. मतदान संपण्यापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत सभा-मिरवणुकांना १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंदी घातली आहे. मतदानकेंद्रापासून शंभर मीटरच्या आत मत मागणे हा गुन्हा आहे. शेवटच्या टप्प्याचे मतदान आटोपेपर्यंत मतदानोत्तर पाहण्यांचे अंदाजही प्रसिद्ध करता येत नाहीत. या सर्व बंधनांतून एकच माणूस मोकळा राहतो. तो म्हणजे रांगेत उभा असलेला साधा मतदार. महिना-दीड महिना त्याला केवळ ऐकावे लागलेले असते. ध्वनिक्षेपक बंद झाले म्हणजे त्याचा आवाज प्रथमच ऐकू येऊ लागतो.

तो काय बोलतो आणि काय बोलत नाही, या दोन्ही गोष्टी लक्ष देऊन ऐकण्यासारख्या आहेत. त्यांतील दुसरी पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे, असे मला वाटू लागले आहे. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेख.

२० मे २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या पाचव्या टप्प्यात, दिंडोरी मतदारसंघात मतदान झाले. त्या दिवशी आईला घेऊन मी निफाड तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. आळस म्हणा किंवा गावाचा लळा म्हणा, नोकरीच्या गावी मी अद्याप नाव हलविलेले नाही. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, तिच्याच एका वर्गात मतदानकेंद्र होते. ऊन चढण्यापूर्वी मत देऊन मोकळे व्हावे, अशा हिशेबाने सकाळी सातलाच रांगा लागल्या होत्या. एक पुरुषांची, एक स्त्रियांची. आणि दोन्ही रांगांना पुरेल एवढी सावली देणारा मध्ये एक कडुलिंब.

बोलणे कांद्यावरून निघाले, हे सांगावयास नकोच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ रोजी, म्हणजे आमच्याकडील मतदानाला सोळा दिवस उरले असताना, ती बंदी उठली. मात्र टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि त्यावर चाळीस टक्के शुल्क, अशा अटी तिच्या जागी आल्या. माझ्या बरोबरीचा एक शेतकरी म्हणाला, "सर, दार उघडलं खरं, पण उंबऱ्यावर भिंत बांधली." लाल कांदा बंदीच्या काळात मातीमोल गेला, उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवला, आता तो सडण्यापूर्वी भाव येतो की भाव येण्यापूर्वी तो सडतो, एवढाच प्रश्न, असे त्याचे म्हणणे. निर्यातधोरणावर मी वर्गात जे चार तास घालवितो, त्याचे सार त्याने चार वाक्यांत सांगितले.

त्याच्याच मागे त्याचा धाकटा भाऊ उभा होता. तो सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि मतदानाची भरपगारी सुटी घेऊन आलेला. तो हसून म्हणाला, "भाव पडला की दादा रडतो, भाव चढला की माझी बायको. आई दोघांकडंही राहते, तिनं काय करावं?" उत्पादक आणि उपभोक्ता यांच्या हितसंबंधांतील विरोध पाठ्यपुस्तकात दोन वेगळ्या वर्गांचा म्हणून शिकविला जातो. येथे तो एकाच घरात, एकाच आईच्या पोटी नांदत होता. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत आणि १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांदा महागला म्हणून सत्ताधाऱ्यांना घाम फुटला होता. आमच्याकडे तो स्वस्त झाला म्हणून फुटतो. कांदा तोच, डोळ्यांतील पाणी निराळे.

स्त्रियांच्या रांगेतून एक शेतमजूर बाई या संवादात शिरल्या. कांद्याचा भाव कोसळला की मालक काढणीचे माणूस कमी करतो, तेव्हा कांदा स्वस्त झाल्याचा आनंद आपण मानू शकत नाही, हे त्यांनी प्रथम बजावले. शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, जानेवारी २०२४ पासून ते आणखी पाच वर्षांसाठी चालू राहिले आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. "देतात ते चांगलंच आहे, नाही कशाला म्हणू?" त्या म्हणाल्या, "पण पोराला काम दिलं असतं, तर धान्य आम्ही विकत घेतलं असतं." त्यांचा मुलगा पदवीधर असून पोलीसभरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर धावतो, असे मागाहून कळले.

एका निवृत्त शिक्षकांनी मध्येच हटकले. ही लोकसभेची निवडणूक आहे, पोलीसभरती हा राज्याचा विषय आहे, दिल्लीत कणखर सरकार असावे की नसावे याचा निर्णय आज करावयाचा आहे. कांद्यासाठी देश विसरू नका, असा त्यांचा सूर होता. त्यावर कांदाउत्पादकाने विचारले, "गुरुजी, आमचा कांदा देशाबाहेर जाऊ देत नाहीत, म्हणजे आम्ही देशातच आहोत ना?" गुरुजी हसले, रांगही हसली. पण गुरुजींचा मुद्दा कोणी धुडकावून लावला नाही. तोही तोलून पाहिला गेला, सीमेवर असलेल्या गावच्या मुलांची नावे निघाली, आणि मग बोलणे नोव्हेंबरातील गारपिटीने झोपलेल्या द्राक्षबागांकडे वळले.

शहरांतील सुशिक्षितांच्या बैठकींत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आपला मतदार पाच किलो धान्यावर आणि खात्यात जमा होणाऱ्या दोन हजार रुपयांवर मत देतो.' हे वाक्य उच्चारणाऱ्यांनी एकदा अशा रांगेत तासभर उभे राहावे. तेथे धान्य घेणारा मतदार धान्याची टीकाही करतो. सरकारची एक गोष्ट आवडलेला दुसऱ्या गोष्टीवर रागावलेला असतो. राज्य आणि केंद्र यांच्या अधिकारांतील भेद अनेकांना कळतो, आणि ज्यांना कळत नाही त्यांना शेजारचा समजावून सांगतो. एकाच माणसाच्या मनात चार मते असतात आणि ती परस्परांशी भांडत असतात. हे अज्ञानाचे लक्षण नव्हे. विचार करण्याचे ते लक्षण आहे.

खरी अडचण पुढे आहे. चार मते घेऊन आलेल्या या माणसाला आपण यंत्रावरील एकच कळ दाबू देतो. बाजारसमितीच्या लिलावात ट्रॉलीतील मोठा, मध्यम आणि गोल्टी कांदा एकाच बोलीत जातो, तसे परराष्ट्रधोरण, कांदा, धान्य, नोकऱ्या आणि निवृत्तिवेतन हे सारे एकाच मतात जाते. निवडून आलेला म्हणतो, माझ्या सर्वच धोरणांना कौल मिळाला. पराभूताचे विरोधक म्हणतात, त्याची सर्वच धोरणे नाकारली गेली. मतदाराने मात्र यांपैकी काहीही म्हटलेले नसते. शिवाय ही एक कळदेखील नेमकी दाबली जाईलच, असे नाही. त्याच निवडणुकीत आमच्या मतदारसंघात विजयी उमेदवाराशी आडनावाचे साम्य असलेल्या एका अपक्षाचे चिन्हही यादीत 'तुतारी' असे नोंदलेले होते, आणि विजयी उमेदवाराच्या पक्षाचे चिन्ह 'तुतारी वाजविणारा माणूस' हे होते. त्या फारशा परिचित नसलेल्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. त्यांतील किती त्याला द्यावयाची म्हणून दिली गेली, हे यंत्र सांगत नाही.

अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये लोकशाहीचा आर्थिक सिद्धांत मांडला. लाखो मतांत एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते. तेव्हा निव्वळ नफातोट्याचा हिशेब करणारा माणूस मतदानाला जाण्याची तसदी कशाला घेईल, हा त्याच्या विवेचनातून उभा राहिलेला प्रश्न आम्ही पदव्युत्तर वर्गांत आजही शिकवितो. २०२४ मध्ये सुमारे चौसष्ट कोटी भारतीयांनी ही तसदी घेतली. आमच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले होते. मी त्यांना बसावयास सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "पाच वर्षांनी एकदा मला कोणी विचारतंय, उभं राहूनच सांगतो." सिद्धांतात नसलेली गोष्ट ती हीच. माणूस केवळ निकाल लावण्यासाठी मत देत नाही. आपल्याला विचारले गेले, याची पावती घेण्यासाठीही देतो.

आता जे बोलले गेले नाही, त्याविषयी.

तासाभराच्या त्या मोकळ्या चर्चेत मी प्राध्यापकी अगोचरपणाने मध्येच विचारले, "मग या खेपेस वारा कोणीकडे?" आणि रांग गप्प झाली. कोणी घामाकडे वळले, कोणी पावसाकडे. कांद्यावर चार वाक्यांत प्रबंध सांगणारा माझा मित्र चपलेने माती उकरू लागला. विषय संपला नव्हता. तो बंद करण्यात आला होता. मत देऊन झाल्यावर शंभर मीटरच्या पलीकडील चहाच्या टपरीवर माझे एक चुलते भेटले. त्यांनी मला बाजूला घेऊन समज दिली. "तू सर असशील, पण असं चारचौघांत विचारू नये. तुझं मत गुप्त आहे. तू संध्याकाळच्या गाडीनं निघून जाणार. आमचं केंद्र आठशे-नऊशे मतांचं. निकालाच्या दिवशी कुठं किती पडली ते कागदावर येतं. आमच्या वस्तीची तर घरं मोजून हिशेब काढतात. मग पाण्याची टाकी कुणीकडं होते आणि रस्ता कुठवर येऊन थांबतो, ते बघत बसायचं."

यात अतिशयोक्ती किती, हे मला ठरविता येणार नाही. टाकी खरोखरच मतांवरून हलली की पाण्याच्या झऱ्यावरून, याचा पुरावा माझ्यापाशी नाही. परंतु भीती खरी असण्यासाठी शिक्षा दर वेळी व्हावीच लागते, असे नाही. ती होऊ शकते, एवढे माहीत असणे पुरते. आणि अशी भाषा सार्वजनिक जीवनात उघडपणे बोलली गेली आहे. एप्रिल २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रचारसभेत एका केंद्रीय मंत्र्यांनी, गावांनी किती टक्के मते दिली त्यानुसार त्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी करून कामे त्या क्रमाने केली जातील, असे सांगितले. निवडणूक आयोगाने त्याबद्दल कडक शब्दांत समज दिली. पण समज भाषणाला मिळाली. अशी प्रतवारी ज्या आकड्यांवरून करता येते, ते आकडे आयोगाच्याच यंत्रणेतून बाहेर पडतात.

या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांनी मतदान अधिकारी किंवा केंद्राध्यक्ष म्हणून काम केले असेल. शिक्षक आणि कारकून यांच्यावाचून या देशात निवडणूक होत नाही. २०१९ मध्ये मीही ते काम केले. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर पोहोचल्यावर आपण पहिली काळजी कशाची करतो, हे आठवून पाहावे. मतदानकक्षाचा तो पुठ्ठ्याचा तीन बाजूंचा आडोसा कोठे ठेवावयाचा, त्याच्या मागे खिडकी नाही ना, दारातून कोणाला बोट दिसणार नाही ना, हे आपण चारचारदा पाहतो. अंध किंवा अपंग मतदाराबरोबर आलेल्या सोबत्याकडून गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र भरून घेतो. मतदाराने कोणाला मत दिले हे त्याला कोणत्याही न्यायालयात विचारता येत नाही, असे कायद्याचे चौऱ्याण्णवावे कलम सांगते. २०१३ मध्ये 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय यंत्रावर आणताना सर्वोच्च न्यायालयाने याच गुप्ततेचा आधार घेतला. एवढे सारे जपून आपण यंत्र मोहोरबंद करतो, आणि मग मोजणीच्या दिवशी त्या एकाच यंत्राचा आकडा केंद्राच्या क्रमांकासह नमुना २० या तक्त्यात लिहून जगजाहीर करतो. पुठ्ठ्याने माणूस झाकला. गाव उघडे पडले.

हे नेहमीच असे नव्हते. मतपत्रिकांच्या काळात, आयोगाला मतदारांवर दडपण येण्याची शक्यता वाटेल तेथे, निरनिराळ्या केंद्रांच्या पेट्यांतील मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद निवडणूक संचालन नियमांत करण्यात आली होती. कागद मिसळता येतो. यंत्राची स्मृती मिसळता येत नाही. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर मतदानयंत्रे आली. मोजणी वेगवान झाली, बाद मतांचा प्रश्न मिटला, हे लाभ मोठेच आहेत. परंतु मिसळणीचा तो जुना आडोसा त्याबरोबर निघून गेला, आणि त्याची कोणाला फारशी रुखरुख वाटली नाही.

त्यावर उपाय उपलब्ध आहे, आणि तो आयोगानेच सुचविलेला आहे. अनेक यंत्रे एकत्र जोडून त्यांची बेरीज तेवढी दाखविणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण तयार झाले. चौदा केंद्रांची मते एकदम मोजण्याची त्याची क्षमता आहे. ते वापरण्यासाठी नियमांत दुरुस्ती करावी, असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये केंद्र सरकारकडे पाठविला. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढेही गेले. तेथे केंद्र सरकारने अनुकूलता दाखविली नाही. केंद्रवार आकडे कळल्याने आपण कोठे कमी पडलो हे पक्षांना समजते व तेथे अधिक काम करता येते, अशा आशयाचा युक्तिवाद करण्यात आला. प्रस्ताव आजवर अमलात आलेला नाही. २००८ नंतर केंद्रात सत्तांतर झाले, पण या एका बाबतीत फरक पडला नाही. केंद्रवार हिशेब सर्वांनाच हवा असतो, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप तात्त्विक आहे, आणि तो जॉन स्टुअर्ट मिलसारख्या स्वातंत्र्याच्या कैवाऱ्याने घेतलेला आहे. मत हा खासगी हक्क नसून समाजाने सोपविलेला विश्वास आहे, तेव्हा ते शक्यतो उघडपणेच द्यावे, असे १८६१ च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रतिपादन केले. जेथे कोणी कोणाचा मिंधा नाही, अशा समाजात हे शोभेल. इंग्लंडातील कुळे जमीनदाराच्या देखत हात वर करून मत देत होती, तोवर ते मत जमीनदाराचेच होते. म्हणून १८७२ मध्ये तेथे कायद्याने गुप्त मतदान आले. आणि तेथे आजही एका पेटीतील मतपत्रिका दुसऱ्या पेटीतील मतपत्रिकांत मिसळल्याखेरीज उमेदवारवार मोजणी करीत नाहीत.

दुसरा आक्षेप पक्षकार्याचा. आपण कोठे कमी पडलो हे पक्षांना कळू नये काय? जरूर कळावे. पण ते गावात जाऊन, बसून, विचारून कळावे. आकड्यांवरून कळणार असेल तर गावात जाण्याचे कारणच उरत नाही. दहा-बारा केंद्रांची बेरीज पक्षाला आपल्या दुबळ्या पट्ट्याची जाणीव करून देण्यास पुरेशी आहे. नेमकी वस्ती दाखवून देण्यास ती अपुरी आहे, आणि तोच तिचा गुण आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मोजणीत गडबड झाली तर ती केंद्रवार आकड्यांवरूनच पकडता येते. यंत्रांविषयी मोठ्या वर्गाच्या मनात आधीच शंका असताना आकडे झाकणे म्हणजे शंकेला खतपाणी घालणे होय. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पण झाकावयाचे काय आणि उघडे ठेवावयाचे काय, यात विवेक करता येतो. केंद्रावर एकूण किती मतदान झाले, याचा नमुना १७ सी मतदान संपताच उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळतो. तो तसाच मिळावा. त्या एकूण आकड्यांची बेरीज आणि यंत्रसमूहाची बेरीज जुळते की नाही, हे सर्वांसमक्ष पाहता यावे. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी पडताळण्याचा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घालून दिला. तो चालू राहावा, हवे तर वाढवावा, मात्र ती केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडलेली असावीत. आणि वाद न्यायालयात गेला तर प्रत्येक यंत्राचा आकडा न्यायाधीशापुढे उघडावा. फसवणूक शोधण्यासाठी आकडा न्यायाधीशाला हवा असतो. गावाची प्रतवारी करणाऱ्याला तो हवाच कशाला?

अरुणाचल प्रदेशात मालोगाम येथे एकाच मतदारासाठी केंद्र उघडले जाते, आणि कर्मचारी डोंगर तुडवीत तेथवर जातात. त्याची छायाचित्रे आपण दर निवडणुकीत अभिमानाने पाहतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु एका मतदाराच्या केंद्राचा आकडा वेगळा मांडला, तर तिच्या मतात गुप्त काय उरले, हा प्रश्न विचारला म्हणजे अडचण टोकाला जाऊन दिसते. आठशे मतदारांच्या गावाची आणि चाळीस घरांच्या वस्तीची अडचण याच जातीची आहे. प्रमाण तेवढे निराळे.

कोणी म्हणेल, एका तांत्रिक तरतुदीवर एवढा भर कशासाठी? भर तरतुदीवर नाही. त्या रांगेतील बोलण्यावर आहे. जेथे कळ दाबल्याचा सुगावा लागतो तेथे माणूस प्रथम कोणाला मत दिले ते सांगेनासा होतो. मग काय खटकते ते सांगेनासा होतो, कारण खटकणाऱ्या गोष्टीवरून मताचा अंदाज बांधला जातो. ४ जून २०२४ च्या निकालाआधी, १ जूनच्या सायंकाळी, बहुतेक मतदानोत्तर पाहण्यांनी सत्तारूढ आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा वर्तविल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ आल्या. पाहण्या चुकण्याची कारणे अनेक असतात. परंतु अनोळखी माणसाने हातात कागद घेऊन 'मत कोणाला?' असे विचारले असता खेड्यातील माणूस सुरक्षित वाटेल तेच उत्तर देत असेल, तर त्याला खोटारडा म्हणता येणार नाही. गुप्ततेची जबाबदारी व्यवस्थेने नीट उचलली नाही, म्हणून ती त्याने स्वतःच्या शिरावर घेतलेली असते.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, 'अमक्याची बायको' किंवा 'तमक्याची मुलगी' एवढीच नोंद असल्यामुळे, सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गळली. परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगणेही त्यांना अवघड वाटले होते. आज त्याच खेड्यापाड्यांतील स्त्री कांदा, गॅस आणि नोकरी यांवर शंभर लोकांत बोलते. हा पल्ला लहान नव्हे. नाव सांगण्यापासून मत मांडण्यापर्यंत ती आली. निर्भयपणे मांडण्याची अखेरची पायरी तेवढी उरली आहे, आणि ती बांधण्याचे काम तिचे नव्हे, आपले आहे.

कांद्याचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. दिंडोरीतून विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्याची अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्णपणे उठले. रांगेतील बोलणे अखेर दिल्लीपर्यंत पोहोचले, असे कोणास वाटेल. मला मात्र वाटते, ते पोहोचण्यासाठी एक निवडणूक खर्ची पडावी लागली, हीच उणीव आहे. त्या शेतमजूर बाईंचे वाक्य तर अजून वाटेतच आहे. त्यांच्या मुलाच्या नोकरीचा हिशेब कोणत्याही नमुन्यात लिहिला जात नाही.

त्या दिवशी परत निघताना आईने गाडीत बसल्यावर शाई लावलेले बोट पदराने हळूच झाकून घेतले. मी विचारले, "आई, कोणाला दिलंस?" ती म्हणाली, "ते तुझ्या वडिलांनाही कधी सांगितलं नाही." वडील प्राथमिक शिक्षक होते, आणि प्रत्येक निवडणुकीत लोकांच्या मतपेट्या सांभाळीत होते. लोकांची गुप्तता जपणाऱ्या त्या माणसाने घरात एकदाही तो प्रश्न विचारला नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. एका शिक्षकाने आपल्या घरी पाळलेला हा संकेत सरकारने गावाच्या बाबतीत पाळावा, एवढीच मागणी आहे.